मानाचं झाड

विट्याच्या माळावरच्या त्या वसाहतीचं नाव ‘हिरवाई’. बिल्डरनं ते कुठल्या तोंडानं ठेवलं होतं ते त्यालाच ठाऊक, कारण इतक्या वर्षांत तिथं बाभळीशिवाय धड काही हिरवं राहिलं नव्हतं. नगरपालिकेचं पाणी एक दिवसाआड यायचं, ते बागेला घालायला कायद्यानंच बंदी, आणि भांड्याधुण्याचं पाणी परसात ओतून जे जगेल ते आपलं म्हणायचं, असा सगळा कारभार. पण या वर्षी चैत्र लागला तरी रस्त्यानं जाणारा माणूस थबकून बघायचा. घरोघरी जास्वंदी फुललेल्या, शेवगे शेंगांनी लगडलेले, अळूची पानं ताटाएवढी. आणि गंमत म्हणजे एकाच्याही हातात पाण्याची नळी नाही.

एकट्या नंदाकाकूंच्या हातात मात्र बादली असायची. दोन्ही गुडघे कुरकुरत असताना त्या कपड्यांचं निवळलेलं पाणी भरून परसात निघायच्या, अर्ध्या वाटेत बादली टेकवायच्या, दम खायच्या आणि पुन्हा उचलायच्या.

“काकू, अहो कशाला कंबरडं मोडून घेताय?” कुंपणाच्या अलीकडून हेमा महाडिक हातातला चहाचा कप सावरत म्हणाली. “आपलं विरजण बघतंय की सगळं!”

“तुझ्या रामफळाचं बघतंय गं ते,” काकू धापा टाकत हसल्या. “आमच्या वायरमनकडं त्याचं लक्ष नाही.”

हेमाही हसली. काकू थट्टाच करत होत्या, पण त्या थट्टेत सत्य किती होतं हे दोघींनाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

वायरमन म्हणजे काकूंचे यजमान, तांबवेकर. उभा जन्म विजेच्या खांबांवर चढण्यात घालवलेला माणूस. जाताना सांगून गेले होते, नदीत राख सोडून पाणी घाण करू नका, परसात खड्डा काढा, त्यात टाका आणि वर जांभूळ लावा. जांभळं खाऊन जीभ निळी करून घ्यायची त्यांना म्हातारपणीही हौस होती. तिसऱ्या दिवशी काकूंनी तसंच केलं. भाऊबंदांनी नाकं मुरडली, काकूंनी त्यांना भीक घातली नाही. आता ते जांभूळ कौलाच्या वर गेलं होतं. एक फांदी तारांकडं झुकली तेव्हा वीज मंडळाची माणसं कोयता घेऊन आली, तर काकू आडव्या उभ्या राहिल्या. “तारांना हात लावल्याशिवाय त्यांना करमत नाही, राहू द्या!” म्हणाल्या. रोज सकाळी त्या झाडाला कालच्या बातम्या सांगायच्या आणि भाजी महागली की त्याच्यावरच खेकसायच्या. यंदा त्याला पहिल्यांदा फळ धरायचं होतं, म्हणून त्यांचा जीव नुसता वर-खाली होत होता.

पण फळ राहो दूर, मोहोरसुद्धा आला नाही. शेंड्याची पानं तांबूस पडून गळायला लागली.

आता हे विरजण काय, तेही सांगायला हवं. हेमाची मुलगी ऋचा पुण्याच्या एका मृदा प्रयोगशाळेत संशोधन करायची. हेमाचे यजमान गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायला कोइमतूरला, ते यायचे दिवाळीला. म्हणजे घरात हेमा एकटी आणि सोबतीला परस. आईचं परस उन्हाळ्यात करपताना बघून ऋचानं मागच्या पावसाळ्यात एक डबा आणला होता. त्यात होतं कवकजाल, म्हणजे बुरशीच्या केसाहून बारीक धाग्यांचं जाळं.

“जंगलात असं जाळं मातीत असतंच, आई,” तिनं रामफळाच्या बुंध्याशी उकरत समजावलं होतं. “झाडांना ते पाणी आणून देतं, झाडं त्याला साखर देतात. आम्ही फक्त त्याला चलाख केलंय. ओल कुठं जास्त आहे, गरज कुणाला आहे, ते ओळखतं आणि इकडचं पाणी तिकडं नेतं. खत नको, औषध नको.”

“म्हणजे दुधात विरजण घातल्यासारखंच की.”

“तसंच म्हण. फक्त एक लक्षात ठेव. ज्या मुळांवर ते पहिल्यांदा लागतं, ते त्याचं मानाचं झाड. टंचाई पडली की आधी त्याला पाजतं. म्हणून हे आपल्या परसातच राहू दे. कुणाला देऊ नकोस. आमच्या चाचण्या व्हायच्यात अजून.”

“नाही गं बाई देत!” हेमा म्हणाली होती, आणि त्या क्षणी ते अगदी मनापासून म्हणाली होती.

रामफळ तिच्या यजमानांनी वास्तुशांतीच्या दिवशी लावलेलं. कधी धड न फळलेलं ते झाड त्या हिवाळ्यात असं काही तरारलं की बायका बघायला यायला लागल्या. मग आली संक्रांत. हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या आणि चाळण्या वाटून वाटून हेमा कंटाळली होती. यंदा पर्यावरणाला धरून काहीतरी द्यावं असं तिच्या मनानं घेतलं. सुगडं तर आणलेलीच होती. रामफळाखालची भुसभुशीत, पांढऱ्या धाग्यांची माती तिनं एकेका सुगडात भरली, वर तीळ आणि हरभरे ठेवले आणि वाण म्हणून वसाहतीतल्या प्रत्येकीच्या हातात दिली. ऋचाचं बोलणं आठवलं नाही असं नाही. पण विरजण मागायला दारात आलेल्या शेजारणीला आजवर कुणी नाही म्हटलंय का? आणि वाटीभर मातीनं कुणाचं काय बिघडणार होतं?

त्या दिवशी तिनं आणखी एक केलं. नंदाकाकूंना बोलावलं. दोघीतिघींनी एकमेकींकडं बघितलं, एकीनं घसासुद्धा खाकरला, पण हेमानं सरळ काकूंच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पहिलं सुगड त्यांच्या ओंजळीत ठेवलं. काकूंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत कुणी त्यांना वाण दिलं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी ते सुगड कुठं रिकामं केलं असेल? जांभळाच्या बुंध्याशी, दुसरं कुठं!

रामनवमी झाली आणि जांभळाचा अर्धा शेंडा वाळला. काकूंचं बोलणं कमी झालं. त्या दिवसातून चारदा बादल्या न्यायला लागल्या, स्वतःच्या आंघोळीला तांब्याभर पाणी कमी घ्यायला लागल्या. एके दिवशी हेमानं बघितलं तर काकू झाडाला कपाळ टेकून उभ्या होत्या.

“दुसऱ्यांदा चाललेत गं हे,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा दवाखान्यात हात तरी धरता आला होता.”

हेमानं घरी जाऊन फोन हातात घेतला. तिनं ऋचाला बोलावून घेतलं.

ऋचा आली, पिशवी टाकली आणि आधी वसाहतीत एक चक्कर मारून आली. परत आली ती पांढरीफटक पडून.

“आई, शेजारच्या जास्वंदीखाली आमचे धागे आहेत. मुल्लाणी भाभींच्या लिंबाखाली आहेत. जंगमांच्या शेवग्याखाली आहेत. तू काय केलंस?”

“अगं, वाण दिलं!” हेमा म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा आवाजच खाली गेला.

ऋचानं पिशवीतून एक पुडी काढली. मग काकूंच्या परसात जाऊन तिनं त्यांच्या भरलेल्या बादलीत चिमूटभर पिवळी पूड टाकली.

“काकू, हे खूणपाणी. झाडाला काही होत नाही. पाणी कुठवर पोचतं ते कळेल फक्त.”

“कुठवर पोचणार? इथंच की,” काकूंनी बुंध्याकडं बोट दाखवलं आणि बादली ओतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी कोठीच्या खोलीत दार लावून बसल्या. तरी फटीतून उजेड येत होता, म्हणून ऋचानं दोघींच्या डोक्यावरून वाकळ ओढून घेतली. आत गुदमरत, घामाघूम होत तिनं निळ्या उजेडाची बॅटरी लावली. आधी जांभळाचं पान धरलं. काही नाही, नुसतं काळं पान. मग रामफळाचं धरलं. त्या पानाची शीर न् शीर हिरव्या उजेडानं पेटल्यासारखी चमकली.

“अगं बाई!” हेमाच्या तोंडून निघालं.

ऋचा वाकळीतच बोलत राहिली. “एरवी ते कुंपणापलीकडं गेलं नसतं. बाहेरच्या मातीतली जुनी बुरशी त्याला शिरू देत नाही. पण इथं दोन्ही बाजूंना तेच होतं, एकाच आईचं. भेटले धागे आणि जुळले. आता वसाहतीतली सगळी परसं मिळून एकच परस आहे, आणि त्यात मानाचं झाड एकच आहे. तुझं. आणि रोज ओतलेली ओल त्याला मिळते ती लगतच्या जांभळापाशीच.”

“म्हणजे काकू एवढे दिवस...”

“तुझ्या झाडाला पाणी घालतायत.”

हेमानं वाकळ भिरकावली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर रामफळाला पिवळसर तांबूस फळं लटकली होती. हीच फळं तिनं परवा काकूंना वाडग्यात घालून दिली होती, मोठ्या प्रेमानं. तिला स्वतःचीच किळस आली.

“मोरचूद टाकू,” ती म्हणाली. “आजोबा द्राक्षाला मारायचे तसं. मरेल सगळी बुरशी.”

“बुरशी मरेल आणि अख्खी वसाहतही मरेल. आयतं पाणी मिळाल्यावर झाडांनी आपली बारीक मुळं टाकून दिलीयत, आई. या उन्हाळ्यात जाळं काढून घेतलं तर आठवड्यात सगळं वाळून जाईल. जांभूळ सगळ्यात आधी.”

“मग?”

“ओढ घेतंय ते रामफळ. ते नसेल तर ओढ थांबेल.” ऋचानं आईच्या तोंडाकडं बघायचं टाळलं. “जाळं मग दुसरं मानाचं झाड शोधेल. कुठलं, ते मला सांगता येणार नाही. बहुतेक जिथं वरून सगळ्यात जास्त पाणी येतं ते. म्हणून त्यानंतर कुठल्याही एका झाडाचे लाड करायचे नाहीत. सगळ्यांना सारखं, थोडं थोडं. हे प्रत्येक घरी सांगायला हवं.”

“मी सांगते,” हेमा म्हणाली. “माझं निस्तरायचं मीच निस्तरते. तू पुण्याला जाऊन यावर काही तोड निघते का बघ.”

ऋचा संध्याकाळच्या गाडीनं गेली आणि हेमा कुंपणाचं फाटक उघडून काकूंकडं गेली. काकू पायरीवर गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. हेमानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सुगडातली माती, ऋचाची ताकीद, वाकळीतलं ते पान. काकूंचा तेलाचा हात गुडघ्यावर तसाच थांबला.

“म्हणजे मी आंघोळ सोडून तुझ्या झाडाला पाजत होते?”

“हो काकू.”

“आणि तू तिथं उभी राहून, चहा पीत, मला म्हणत होतीस बादली ठेवा म्हणून.”

“मला ठाऊक नव्हतं हो! देवाशप्पथ ठाऊक नव्हतं!”

“तुझ्या पोरीनं सांगितलं होतं, ते तरी ठाऊक होतं ना?” काकू भिंतीला धरून उठल्या. “कपाळाला कुंकू लावलंस तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी मला माणसात घेतलं. जा बाई तू घरी. आत्ता मला तुझं तोंड बघवत नाही.”

हेमा घरी आली आणि ओट्याशी उभी राहून मनसोक्त रडली. रामफळ तोडायचं या विचारानंही रडली, खोटं कशाला बोला! यजमानांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “एका झाडासाठी दुसरं फळतं झाड पाडायचं, हे कुठलं शहाणपण?” तिनं फक्त एवढंच म्हटलं, “ते नुसतं झाड नाहीये हो,” आणि फोन ठेवला.

सकाळी करवतवाला आला. वास्तुशांतीचं झाड जमिनीवर आडवं व्हायला चहा निवण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. हेमानं पदर तोंडाशी धरला होता. पलीकडं काकू कधी येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलंच नाही.

“फळं तरी आधी उतरवून घ्यायचीस,” काकू म्हणाल्या. “फुकट गेली ना मातीत.” मग फाटक उघडून त्या आत आल्या, गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसल्या आणि विखुरलेली फळं पदरात गोळा करायला लागल्या. हेमाही त्यांच्याशेजारी बसली.

वसाहतीत असली गोष्ट लपते होय? दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं, की काकूंचं झाड वाचावं म्हणून हेमावहिनींनी आपलं फळतं झाड पाडलं. विरजणाचा तपशील तोंडातोंडी गळत गेला, उरली ती माया. सुगडं घेतलेल्या बायकांनाच उमाळा आला. आपल्याही परसातली तीच माती, मग आपलाही हातभार नको का? मुल्लाणी भाभी पहिली बादली घेऊन आल्या. मागोमाग जंगमवहिनी. ज्यांनी संक्रांतीला काकूंना बघून घसा खाकरला होता त्यासुद्धा डोक्यावर कळशी घेऊन आल्या. भांड्यांचं, धुण्याचं, तांदूळ धुतल्याचं, ज्या घरी जे पाणी होतं ते जांभळाच्या आळ्यात पडायला लागलं. काकू सगळ्यांना गुळाचा खडा देत होत्या आणि झाडाला सांगत होत्या, “बघा हो, कोण कोण आलंय तुमच्यासाठी!”

हेमा ते बघत होती आणि ऋचाचे शब्द तिच्या कानात वाजत होते. सगळ्यांना सारखं. एकाचे लाड नाहीत. आज सांगू, ती मनाशी म्हणाली. मग काकूंच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाली, चार दिवस जाऊ देत, झाड जरा सावरू दे. चार दिवसांनी बुंध्यावर कोवळा कोंब फुटला आणि काकू अनवाणी धावत आल्या, गुडघ्यांसकट! “आले गं! परत आले!” म्हणत त्यांनी हेमाला घट्ट मिठी मारली. पाठीवर त्यांचे तेलकट तळवे फिरत होते. आता बादल्या थांबवा, हे वाक्य हेमाच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच विरलं. इतक्या मुश्किलीनं मिळालेली माफी ती, कोण हातची घालवेल!

रोज बायका येत राहिल्या. जांभूळ इतकं भराभर वाढायला लागलं की बघणाऱ्याला भीती वाटावी. अवेळीच मोहोर आला. मोहोराला मधमाश्या आल्या. काकूंच्या परसात नुसतं चैतन्य होतं.

आणि वैशाखातल्या एका सकाळी मुल्लाणी भाभी बादली घेऊन हेमाच्या फाटकाशी थांबल्या. त्यांना दम लागला होता.

“वहिनी, जरा धरा ना ही पलीकडपर्यंत,” त्या म्हणाल्या. “आज हातच गळाठलेत. आमचं लिंबू बघितलंत का? पानं पार मुडपून गेलीत. सासऱ्यांनी हज करून आल्यावर लावलेलं ते. जंगमांचा शेवगाही तसाच दिसतोय. ऊनच मेलं असं आहे यंदा.”

“मग हे पाणी लिंबाला घालायचं ना, भाभी,” हेमा कशीबशी म्हणाली.

“छे हो! त्याचं काय, येईल सावरून. आधी काकूंचं झाड.” भाभी हसल्या आणि बादलीची कडी तिच्यापुढं धरली.

हेमानं त्यांच्या खांद्यावरून बघितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती ताटाएवढी अळूची पानं देठातून लवली होती. जास्वंदीच्या कळ्या न फुलताच खाली पडल्या होत्या. दारादारांतून बायका कळश्या घेऊन बाहेर पडत होत्या, एकमेकींना हाका मारत, हसत, आणि सगळ्या एकाच दिशेनं येत होत्या.

कुंपणापलीकडं जांभूळ काळंभोर, तुकतुकीत उभं होतं. त्याच्याखाली काकू पहिलं पिकलेलं जांभूळ तळहातावर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते तोंडात टाकलं, निळी झालेली जीभ लहान मुलासारखी बाहेर काढून दाखवली आणि हाक मारली.

“अगं हेमा, अशी बघत काय उभी राहिलीस? भाभींची बादली घेतेस ना?”